चार दिवसांचं सामान
लेक चार दिवसांच्या मोटरसायकल सहलीला निघाली, म्हणून मेकॅनिक बापाने सीटवर बांधायची छोटी बॅग काढून दिली. "एवढी पुरे. गाडी हलकी राहिलेली बरी." "नको बाबा, दोन्ही बाजूंना मोठ्या पेट्या बसवा." "बिऱ्हाड हलवतेस की काय?" तो हसला. ती हसली नाही. तिच्या परगावच्या नोकरीला त्याने मोडता घातल्यापासून दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. पेट्या बसवून त्याने तिचं सामान भरायला घेतलं. लोकरीचे कपडे, कुकर, शेवटी सगळी प्रमाणपत्रं. गाडीची किल्ली अजून त्याच्याच खिशात होती. त्याने दोन्हीकडचं वजन सारखं केलं, कुलपं लावली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "आईला काय सांगू?" "चार दिवसच सांगा. पाचव्या दिवशी तिला फोन करेन." "आणि मला?" हे त्याला विचारवलं नाही.