प्लॅटिनमची साक्ष

प्रयोगशाळेतल्या पेल्यात साखरेचा कणही नव्हता, तरी पडद्यावरचा आकडा चढतच गेला.

तिनं नवी पट्टी घेतली, पुन्हा बुडवली. आकडा तसाच. पेल्यात होतं नुसतं खारट पाणी आणि त्यात विरघळवलेली अंगदुखीची एक गोळी. सकाळी घरी चादर बदलताना त्याच गोळ्यांची पाकिटं सासूबाईंच्या उशीखाली सापडली होती. तिथंच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

प्लॅटिनमचा मुलामा दिलेली ही पट्टी तिच्या उमेदीच्या वर्षांची कमाई होती. रक्तातली साखर त्या धातूला टेकली की इलेक्ट्रॉन सोडते, वीज वाहते, आकडा उमटतो. बाजारातल्या पट्ट्यांसारखं फक्त साखर ओळखणारं एन्झाइम नको, काही नको. पण गोळीचे इलेक्ट्रॉनही प्लॅटिनम तेवढ्याच हावरेपणानं ओढत होतं. त्याच्या लेखी सगळं सारखंच.

तिला रविवार आठवला. नणंद आणि तिच्या सासरची माणसं जेवायला आली होती. तिनं मोठ्या कौतुकानं यंत्र बाहेर काढलं, सासूबाईंच्या बोटाला सुई टोचली. आकडा बघून तिचा पारा चढला.

"आई, चोरून गोड खाता तुम्ही? या वयात?"

"नाही गं. शपथेवर सांगते."

"माणसं खोटं बोलतात, धातू बोलत नाही!"

कुणीतरी हसलं. नवरा हळूच म्हणाला, "एकदा बाहेर तपासून घेऊया." तिनं त्याला फटकारलं. "बाहेर कशाला? माझं यंत्र चुकत नाही." सासूबाई ताटावरून उठल्या. त्या दिवसापासून त्यांनी फळालासुद्धा हात लावला नव्हता. अर्धपोटी राहून आता भिंत धरून चालत होत्या.

ती प्रयोगशाळेतून निघाली तेव्हा तिचे कान तापले होते. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की ती मान खाली घालत होती. गुडघे दुखतात हे म्हातारीनं सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं की सून कामात असायची. आणि आपण चार माणसांत त्यांना चोर ठरवलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

घरी सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ती खाली फरशीवरच बसली.

"आई, रविवारी मी जे बोलले..."

सासूबाई लगबगीनं उठून बसल्या. "बरोबरच बोललीस. खाल्लं होतं मी गोड."

तिनं विचारलं, "काय खाल्लं होतंत?"

सासूबाई गडबडल्या. पदराशी चाळा करत त्यांनी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"तुझं यंत्र खोटं ठरलं तर तुझे साहेब काय म्हणतील गं? एवढी वर्षं घातलीस त्यात. तूच सांग, काय खाल्लं म्हणजे तेवढा आकडा येतो? मी सगळ्यांना तेच सांगते."