धाक

लांडगे संपले, हरणं माजली आणि जंगलात नुसती म्हातारी झाडं उरली. एकही रोप हरणं टिकू देईनात. म्हणून वनखात्याने लांडग्यांची पिल्लं आणून मोठ्या कुंपणात ठेवली आणि त्यांना खाऊ घालायचं काम आत्याबाईंना दिलं.

"त्यांना माणसाचा धाक बसला पाहिजे," अधिकारी म्हणाला. "नाहीतर वस्तीत शिरतील आणि गोळी खाऊन मरतील. तुमच्या तोंडाला अख्खं गाव भितं, म्हणून तुम्हाला नेमलंय."

"गाव उगाच नाही भीत," आत्याबाई म्हणाल्या.

रोज कुंपणावरून मांस फेकताना त्या पिल्लांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. "गिळा, मुडद्यांनो! माणसाच्या वाऱ्याला उभे राहिलात तर तंगड्या मोडीन!" पोटात माया दाटून आली की आवाज आणखी चढायचा.

लांडगे मोठे झाले, जंगलात सुटले. वर्षभरात झाडांखाली कोवळे शेंडे दिसू लागले. आत्याबाईंची मान ताठ झाली.

मग एका सकाळी दूध उतू गेलं म्हणून त्या अंगणातून सुनेवर कडाडल्या. तोच झाडीतून एक लांडगा धावत आला आणि त्यांच्यासमोर बसून शेपटी हलवू लागला. शेजाऱ्याने बंदूक उचलली.

"अरे थांब, मेल्या! माझा आहे तो!" आत्याबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

तो चढलेला आवाज ऐकून लांडगा आणखी पुढे सरकला. आता वरून मांस पडणार, म्हणून त्याने जबडा उघडला. शेजाऱ्याला तेवढा जबडाच दिसला.