पानाची पाठ

मंदाकिनीबाईंनी शेजारच्या पाटणकरांनी सोपवलेल्या किल्लीनं त्यांच्या बंद घराचं कुलूप काढलं. पानतपासनीस खालच्या मजल्यावर पोचला होता आणि त्यांना आपली कुंडी घरी न्यायची होती.

घरटी एक टोमॅटोची कुंडी ठेवावीच लागे. घरात कुणाच्या श्वासात फुप्फुसताप असला की पानांची पाठ जांभळी पडायची, आणि त्या माणसाला टेकडीपलीकडे नेत. तिथून अजून कुणी परतलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी पानं जांभळी दिसली आणि त्याच दिवशी त्यांचे यजमान दिगंबरराव खोकले. "थंडीनं झालं असेल, नाहीतर खत कमी पडलंय," असं नवऱ्याला सांगून त्यांनी कुंडी इथे दडवली. दिगंबररावांचा श्वास लागला नाही, तर नवी पानं हिरवी येतील. हाडांचं खत घातलं, पाणी बेतानं दिलं. रोज तासभर बसून एकेक पान पदरानं पुसलं, फुंकर घालून धूळ उडवली.

आज शेंड्याला कोवळं पान फुटलं होतं. त्यांनी ते उलटून पाहिलं. गर्द जांभळं.

"झाली का गं बरी पानं?" दिगंबरराव दाराशी आले. "मी बघू?"

आठ दिवसांत या घरात बाईंशिवाय कुणीच आलं नव्हतं. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि आतून कडी घातली.

"तुम्ही आत येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमचा खोकला साधाच आहे हो."