कात्री कुठल्या हातात
अकरा वर्षं त्या पत्राला उत्तर द्यायचं लेखकाचं धाडस झालं नव्हतं. खुन्याचं डोकं कसं चालतं, याचं त्यांना वेड. एका खऱ्या खुनावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. ते वाचून मेलेल्या मुलीच्या आईनं पत्रात कळवलं होतं, ‘खुन्याला चहात साखर किती लागते तेही लिहिलंत. कापड बेतणाऱ्या माझ्या लेकीच्या मात्र उजव्या हातात कात्री दिलीत. ती डावखुरी होती.’ नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकाचा फोन येताच त्यांनी चाचरत दुरुस्ती सांगितली. प्रकाशक हसला. “काका, डावा काय, उजवा काय! लोक खुन्यासाठी पुस्तक घेतात. मेलेल्या पोरीला कोण विचारतं?” लेखकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं त्यांनीही विचारलं नव्हतं. “पुस्तक बंद!” ओरडून त्यांनी फोन आदळला. मग लिहिलं, ‘ताई, चुकलो. तुमची लेक कशी होती?’ आणि पाकीट पोस्टात टाकलं.