बिनकामाचं पुस्तक

वॉर्डातली ड्युटी संपली तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडले होते. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर टेकून तिने वडिलांना फोन लावला. आई गेल्यापासून हा फोन रोजचाच. "कसे आहात?" म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "मजेत." आणि मग वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांचा पंचनामा सुरू.

"ती रहस्यकथा संपवली. खुनी कोण ते मी दुसऱ्याच पानावर ओळखलं. पण त्यातलं घर कसं माणसांनी भरलेलं होतं, म्हणून शेवटपर्यंत वाचली."

"हं," एका हाताने बूट काढत ती म्हणाली.

"प्रवासवर्णन मात्र अर्ध्यात सोडलं. लेखक गावोगाव एकटाच जेवतो, आणि वर त्याचं कौतुक सांगतो! प्रेमकथा बरी होती. दोघं फार भांडतात, पण भांडू देत बापडे."

तिला हसू आलं. जांभई दाबत तिने विचारलं, "आता काय वाचताय?"

"स्वयंपाकाचं पुस्तक आणलंय. अगदीच बिनकामाचं निघालं. सगळं चौघांसाठी लिहिलंय. एकट्याच्या भाजीत मीठ किती घालायचं, ते कुठेच नाही."

येता रविवार नुसता झोपून काढायचा, असं आठवडाभर तिने मनाशी घोकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "रविवारी पुस्तकात दिलंय तसंच करा. आम्ही तिघं येतोय."