चार तासांची घडी

उपचार केंद्राच्या फाटकातून जीप बाहेर पडली तेव्हा कुमुदच्या हाती चारच तास होते. तिच्या लुळ्या स्नायूंना कृत्रिम आरएनएने उभं केलं होतं. पण मॅग्नेशियम मिळत राहिलं तरच त्या आरएनएच्या धाग्याची नीट घडी पडायची, आणि ते चढवणारं यंत्र केंद्राच्या भिंतीत बसवलेलं होतं; त्यापासून सुटलं की घडी चारच तास टिकायची. नऊ वर्षं ती तिथून हलली नव्हती. आज मात्र गावी वडील, अण्णा, शेवटच्या घटका मोजत होते.

घाटात दरड कोसळली होती. रस्ता मोकळा होईपर्यंत कुमुदची बोटं सैल पडली, मग पाय गेले.

“ताई, परत फिरू,” धाकटा भाऊ दिगंबर रडवेला झाला. “यंत्राला जोडलं की उठशील.”

“मी उठेन रे. अण्णा थांबतील का? चल पुढे.”

घरी पोचल्यावर त्याने तिला उचलून अण्णांच्या शेजारी निजवलं. तिला मानही वळवता येईना. छताकडे बघतच ती म्हणाली, “अण्णा, मी आलेय.”

अण्णांचा हात चाचपडत आला आणि तिच्या गालावर थांबला. तो गार पडेपर्यंत तिला बाजूला सरकता आलं नाही, आणि सरकायचंही नव्हतं.