वास गेला तेव्हा

दोरीवर झबलं वाळत घालताना केतकीचा हात थबकला. सडक्या अंड्यांचा वास येत नव्हता.

जमिनीखालच्या वाफेवर वीज करणाऱ्या प्रकल्पाच्या या वसाहतीत तो वास पाचवीलाच पुजलेला. वाफेबरोबर वर येणाऱ्या विषारी वायूचा. इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं जायचं, ‘वास येतोय तोवर ठीक. एकाएकी गेला, तर वायू वाढून नाक बधिर झालं समजा आणि टेकडीकडे पळा.’

“वहिनी, बाहेर पडा!” शेजारी हाक देत तिने पाळण्यातल्या लेकीला उचललं आणि अनवाणीच टेकडी चढली. मागून सावंतवहिनी लाटण्यासकट धापा टाकत आल्या. त्यांच्यामागे, दोघींना पळताना पाहून कामावरून धावत आलेला केतकीचा नवरा.

“अगं, झालं काय?”

“वास गेलाय!”

“जाणारच! वायू ओढून घेणारं नवं यंत्र आज सुरू केलं आम्ही. जुन्यातून गळायचा, यातून सगळा थेट शुद्धीकरणाला जातो. हा बघ मीटर, शून्य.”

“आधी सांगायला काय झालं होतं?”

“म्हटलं, घरी येऊन चकित करावं.”

“केलंत हो!” वहिनी लाटणं उगारत म्हणाल्या. “तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला असेल माझ्या.”

केतकीचा मीटरवर विश्वास बसेना. तिने लेकीच्या टाळूवर नाक टेकवलं. तेलाचा, दुधाचा, कोवळा वास आला. नाक शाबूत होतं. इथेच जन्मलेल्या लेकीचा स्वतःचा वास तिला आज पहिल्यांदा मिळत होता.

“यंत्र बसवणाऱ्या सगळ्यांना आज जेवायला घेऊन ये,” नाक न उचलताच ती नवऱ्याला म्हणाली.